शेवटचा भाग बघायला शिरूरहून यवतला

लोक शिरूरहून यवतकडं लग्नाला जातात, दहाव्याला जातात, नाहीतर कुणाच्या तरी बांधाचं भांडण मिटवायला जातात. मागच्या रविवारी मी, आई आणि आप्पा गेलो ते एका जपानी बैलाचं पुढं काय झालं हे बघायला.

आधी थोडं समजावून सांगते. मी कॉलेजपासून अ‍ॅनिमे बघते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही जपानी कार्टूनं. ज्यांना माहीत आहे ते 'कार्टून' या शब्दावर आत्ताच चिडले असतील, त्यांनी आधी माझ्या आईला फरक समजावून दाखवावा. घरी मी कानात इअरफोन घालून माझ्या खोलीत, आई स्वयंपाकघरात आणि आप्पा पडवीत बातम्या बघत, अशी आमची वर्षानुवर्षांची वाटणी होती. एका संध्याकाळी आप्पा चार्जर शोधत माझ्या खोलीत आले आणि स्क्रीनवर बैल बघून थबकले.

"ह्याला वशिंड कुठाय?"

"जपानी बैल आहे, आप्पा."

"म्हंजी जर्सीच की," असं म्हणून ते पलंगाच्या कडेवर टेकले. उठले ते थेट भाग संपल्यावर.

गोष्ट साधी आहे. डोंगरातल्या एका गावात मीठ मिळत नाही. नात्सु नावाची पोरगी एक म्हातारा काळा बैल घेऊन समुद्राकडं मीठ आणायला निघते, आणि वाटेतल्या प्रत्येक खिंडीत एकेक भूत बसलेलं असतं. आप्पांनी बैलाचं नाव काळ्या ठेवलं आणि भुतांचं टोलवाले. बोलणं जपानी, खाली अक्षरं इंग्रजी, म्हणून सगळ्यांचे संवाद मराठीत मीच म्हणायचे. धुक्याच्या भुताला मी आमच्या तलाठ्याचा आवाज दिला होता, तो फारच शोभला. पुढं आईही कणीक मळायची परात घेऊन येऊन बसायला लागली. मग आप्पांची थोरली बहीण, म्हणजे माझी यवतची आत्या, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आमच्याकडं आली. डोळ्यावर पट्टी असताना तिनं दहा-बारा भाग नुसते ऐकले. पट्टी सुटल्यावर नात्सुला बघून म्हणाली, "एवढीशी हाय व्हय? मला वाटलं, चांगली थोराड असंल."

आत्या परत गेली तेव्हा एकच भाग उरला होता. आदल्या भागाच्या शेवटी परतीच्या वाटेवर नदी गोठलेली, बर्फ तडकलेला, पलीकडं गाव, आणि मिठाची पोती लादलेला काळ्या काठावर उभा. आत्यानं जाताना दम भरला की तिच्याशिवाय कुणी बघायचं नाही.

आणि सोमवारपासून मी सणसवाडीला खोली घेऊन राहणार होते. इतके दिवस रांजणगावला कंपनीच्या बसनं ये-जा चालायची, पण नव्या नोकरीच्या शिफ्ट अशा की रोज घरी येणं जमणार नव्हतं. सणसवाडी काही टोकियो नाही, गाडीवर तासाभराचंही अंतर नाही, तरी मला धास्ती होती. सरळच सांगते. या बैलाच्या आधी माझं आणि आप्पांचं बोलणं 'मोटर चालू कर' आणि 'मोटर बंद कर' यापलीकडं कधी गेलं नव्हतं. बैल संपला आणि मीही गेले, की आम्ही दोघं परत तिथंच येऊन उभे राहणार. म्हणून जाण्याआधी निदान शेवट तरी सगळ्यांनी एका जागी बसून बघायचा, असं मी ठरवलं.

सकाळी आठला निघायचं होतं. आप्पा शेवंतीला पाणी द्यायला गेले ते साडेनऊला आले. मग आमच्या जुन्या व्हॅनमध्ये मेथीच्या जुड्या, वालाच्या शेंगा, एक भोपळा आणि आत्यासाठी शेवंतीची पाटी चढली. माझा लॅपटॉप आईनं शालीत गुंडाळून मांडीवर घेतला. भाग आधी डाउनलोड करून ठेवते म्हटलं तर आप्पांनी साफ नकार दिला.

"डाउनलोड केलास की तू बघशील."

"नाही बघणार."

"मी तुझ्या जागी असतो तर बघितला असता," ते म्हणाले, आणि विषय संपला.

रस्त्याचं सांगायचं तर शिरूर ते न्हावरे आणि तिथून पारगावच्या पुलावरून चौफुला, हा सरळ मार्ग आहे. न थांबता दीड तास. हिवाळ्यात मात्र उसाच्या ट्रॅक्टरांमागं अडकायची तयारी ठेवा. न्हावऱ्याला मिसळ खाल्ली, झणझणीत, शंभराच्या आत दोघांचं पोट भरतं. आप्पांनी एरवी कधी न मागितलेला दुसरा चहा मागितला, आणि तो थंड करून प्यायले.

पुढं ऊस वाहणाऱ्या बैलगाड्यांची रांग लागली. आप्पांनी गाडी बाजूला घेतली. मला वाटलं ओळखीचं कुणी असेल. ते खाली उतरले आणि पहिल्याच गाडीवानाला थांबवलं.

"पाव्हणं, एक सांगा. बर्फावरनं बैल जाईल का?"

गाडीवानानं आप्पांकडं बघितलं, मग आमच्या व्हॅनकडं. "कुठला बर्फ?"

"समजा नदी गोठलीय. वर पोती लादल्यात."

"किती पोती?"

आप्पा माझ्याकडं वळून ओरडले, "किती पोती हायती गं?"

"चार!"

"चार हाय व्हय," गाडीवान विचार करून म्हणाला. "वझं उतरवायचं आन् मानसानं पुढं हुबं ऱ्हायाचं. मागनं ढोसलं तर जायाचा न्हाई. कुणाचा बैल हाय?"

"हाय एकाचा," आप्पा म्हणाले, आणि फार गंभीर चेहऱ्यानं परत येऊन बसले. मागं पाच-सहा गाड्या खोळंबल्या होत्या. आई पदरात तोंड लपवून हसत होती.

पारगावच्या पुलावर भीमेला चांगलं पाणी होतं. फोटो काढायचा असेल तर पूल ओलांडून, गाडी नीट बाजूला लावून काढा, कारण पुलावर ट्रॅक्टरवाले कुणासाठी थांबत नाहीत. आप्पांनी तिथंही थांबून पाणी बघितलं. पाणी बघण्यासारखं काय असतं हे शेतकऱ्याला विचारू नये, आपलाच अर्धा तास जातो. चौफुल्याला तिसरा चहा झाला. तिथली तमाशाची थिएटरं पार लांबपर्यंत प्रसिद्ध आहेत, त्यामुळं "फक्त चहाला थांबलोय" हे आप्पांनी कुणी न विचारता दोनदा सांगितलं.

चौफुल्याला उजवीकडं वळून सोलापूर महामार्गाला लागलं, की यवत जवळच. तरीही वाटेत एका गुऱ्हाळावर गाडी थांबली. काहिलीत रस उकळत होता, गोड वाफ सगळीकडं पसरली होती, आणि एरवी मी तिथं तासभर रमले असते. काकवीची बाटली घेतली, गरम गूळ पळसाच्या पानावर घेऊन खाल्ला. जाणार असाल तर डबा घेऊन जा, प्लॅस्टिकच्या पिशवीत गरम गूळ घेण्याचा मूर्खपणा करू नका. पण आप्पा गुऱ्हाळवाल्याला उसाची जात, चुलीचं जळण, चुन्याचं प्रमाण सगळं विचारत बसले तेव्हा मात्र माझं डोकं सटकलं.

"आई, हे मुद्दाम करतायत. आज बघून होणारच नाही!"

"मग? त्यांना जायाचंच न्हाई लवकर," आई शांतपणे बोट चाटत म्हणाली. "काल रात्री मला इचारत हुते, जपानी लोक बैल मारत्यात का गोष्टीत."

आत्याच्या वस्तीवर पोचलो तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. आत्यानं मासवडी केली होती. बेसनाच्या पोळीत खोबरं-तिळाचं सारण भरून केलेल्या त्या वड्या आणि सोबत तिखट रस्सा. आमच्या भागात पाहुणा आवडता आहे की नाही हे या एका पदार्थावरून कळतं, कारण तो करायला अर्धा दिवस जातो. आत्याचे यजमान, आमचे मामा, वाढता वाढता म्हणाले, "ही सकाळधरनं बैल बैल करतीय. कुणाचा बैल हाय?"

जेवण झालं आणि लाइट गेली. वस्तीचा डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाला होता. लॅपटॉपला बॅटरी होती, पण फोनचं नेटवर्क फक्त अंगणात चिंचेखाली यायचं. अंगणात टळटळीत ऊन आणि स्क्रीनवर आमचीच तोंडं दिसत होती. शेवटी आत्यानं मोठी गोधडी आणली. चिंचेखाली सतरंजी टाकून, लॅपटॉप पाटावर ठेवून, आम्ही चौघं गोधडी डोक्यावर घेऊन बसलो. जरा वेळानं एक कोपरा उचलून मामांनीही डोकं आत घातलं.

"ही पोरगी कोण?"

"नात्सु," सगळे एकदम.

"आन् हिचा बाप?"

"गेल्या साली समुद्राकडं गेला, आलाच न्हाई. गप बघा," आत्या म्हणाली.

"मग ही एकली कशी निघाली? गावात दुसरं कुणी न्हाई का? ग्रामपंचायत काय करतीय?"

"अवो, बघा ना!" आत्या करवादली.

बाहेरून रस्त्यानं जाणारं कुणीतरी विचारत होतं, "वहिनी, वाफ घेताय का सगळी?"

मी संवाद म्हणत होते. गोधडीत उकडत होतं, गुळाचा आणि मेथीचा वास कोंडला होता. नात्सुनं पोती उतरवली. आप्पा पुटपुटले, "बरोबर." नात्सु बर्फावर उतरून काळ्याच्या पुढं उभी राहिली. आप्पा आणखी हळू म्हणाले, "बरोबर." मग नात्सु बैलाशी बोलायला लागली. घरून निघताना आई काय म्हणाली होती, घरी कोण वाट बघत असेल, असं काहीबाही. ते म्हणता म्हणता तीन-चार वाक्यं मी नुसतीच वाचली, म्हटली नाहीत. कुणी विचारलं नाही. काळ्यानं पुढचा पाय उचलला.

आणि आत्यानं लॅपटॉप बंद केला. फटकन झाकणच लावलं.

"आत्या! दहा मिनिटं राहिलीत!"

"ऱ्हाऊ दे."

"अरे पण बैल?" मामा किंचाळले. त्यांना नात्सु भेटून अर्धाही तास झाला नव्हता.

मी खरंच चिडले होते. गोधडी फेकून उभी राहिले. सुट्टीचा दिवस, इतका प्रवास, तीन चहा, गाडीवानाशी चर्चा, आणि हिनं झाकण लावलं! आत्या मात्र पाय पसरून चिंचेला टेकली.

"पिठाचा डबा तू पार खरवडून रिकामा करतीस का?"

"नाही."

"का न्हाई करत?"

"आई करू देत नाही. मूठभर ठेवायचं असतं."

"आन् पुढचं पीठ त्यावर पडतं. तसंच हे." ती आप्पांकडं वळली. "ही उद्या चालली सणसवाडीला. तू जाशील शिरूरला. हे संपलं तर मंग कवा येशील रं तू? दोन वर्सं आला न्हाईस. फोनवर विचारायचास, अक्का बरी हायस का. मी म्हनायची, बरी हाय. झालं, संपलं."

आप्पा सतरंजीवरची चिंचेची पानं एकेक उचलत बसले. मग म्हणाले, "अक्का म्हंती ते बरोबर हाय." त्यांचा चेहरा मी बघितला. काळ्या आणखी काही दिवस नक्की जिवंत राहणार, याचा आनंद त्यांना लपवता येत नव्हता.

माझा राग तिथंच विरघळला, असं लिहिलं तर खोटं होईल. परतीच्या वाटेवर पारगावपर्यंत मी गप्प होते. अंधार पडल्यावर उसाच्या ट्रॉल्यांना मागं दिवे नसतात, तेवढं सांभाळा आणि शक्यतो उजेडीच परता. आई मागं झोपली होती, मांडीवर लॅपटॉप तसाच शालीत. मग आप्पाच म्हणाले की त्यांच्या मते नात्सुचा बाप मेलेला नाही. मी म्हटलं, तसं असतं तर आधी दाखवलं असतं. ते म्हणाले, दाखवत नाहीत, तीच तर गंमत. शिरूर येईपर्यंत आम्ही भांडत होतो. घरी पोचल्यावर भोपळा गाडीतच राहिल्याचं कळलं. आत्याला द्यायचा राहून गेला होता.

आता मी सणसवाडीच्या खोलीतून हे लिहितेय. नागपूरची रूममेट रोज म्हणते, "देख ले ना यार, किसको पता चलेगा?" कळणार खरंच कुणाला नाही. तरी बघितलेलं नाही, आणि कमेंटमध्ये कुणी शेवट सांगितला तर त्याला ब्लॉक करणार आहे. या प्रवासातून काय मिळालं विचाराल तर काकवीची बाटली, अर्धा किलो गूळ आणि न बघितलेली दहा मिनिटं.

आप्पांनी मला स्वतःहून कधीच फोन केला नव्हता, आईच्या फोनवर मागून आवाज द्यायचे. काल त्यांच्या नंबरवरून फोन आला.

"बघितलंस तर न्हाई?"

"नाही, आप्पा."

"अक्काचा फोन हुता. दाजी तिच्या मागं लागल्यात, लाव म्हनून. तिनं न्हाई लावला." मग ते बराच वेळ बोलले, शेवंतीचा भाव, आईचा गुडघा, नात्सुच्या बापाबद्दल सुचलेला नवा मुद्दा. शेवटी विचारलं, "रविवारी येतीस ना?"

"येते. मग आत्याकडं जाऊन बघायचा का?"

"छ्या, बघायचं कशाला?" आप्पा म्हणाले. "नुसतं बसू."