रविवारच्या धुनेचा शेवट

माझ्याकडची गाणी ऐकून नवे पाहुणे जरा गोंधळतात. बँजो, फिडल, मॅन्डोलिन, आणि उंच पट्टीत, किंचित नाकातून, गळ्याला गळा लावून गाणारी माणसे. अमेरिकेतल्या डोंगराळ मुलखाचे हे संगीत. त्याला ब्लूग्रास म्हणतात. त्याचेच बोट धरून निघालेल्या, तेच जुने दुःख विजेच्या गिटारीवर वाजवणाऱ्या तरुणांचे बँडही मी तितक्याच हौसेने ऐकते. त्यांना ऑल्ट-कंट्री म्हणायचे, हे मला नातीने सांगितले. ग्वाल्हेरच्या मराठी घरात हे वेड आले कुठून, असे लोक विचारतात. ते रेडिओतून आले, आणि आले तेव्हा अर्धेच होते.

आम्ही तेव्हा दौलतगंजात, वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. माझे वडील, अण्णा, सचिवालयात होते. एकाच टेबलाशी बसून त्यांनी आधी दरबाराची आणि मग मध्यभारत राज्याची चाकरी केली. बदलला तो फक्त कागदावरचा मथळा.

भाद्रपदातल्या एका रविवारी अभ्यासासाठी पहाटे उठले आणि झोप उडावी म्हणून रेडिओचे बटण फिरवू लागले. शॉर्टवेव्हच्या खरखरीतून अचानक कोणीतरी पितळी परातीत मूठभर चिंचोके ओतावेत तसा नाद आला. तो बँजो होता. आपल्याकडचा बटणांचा नव्हे, गोल चामड्याचा. त्यावरून फिडल लांबत गेले, चुलीचा पहिला धूर गच्चीवरून जातो तसे. त्यानंतर दर रविवारी मी त्या वेळेला तिथे असे. कार्यक्रमाच्या अखेरीस नेहमी एकच धून वाजे आणि ती कधीच पुरी होत नसे. खिडकीच्या गजांवर उजेड आला की ते दूरचे स्टेशन पाण्यात पडलेल्या साखरेसारखे विरघळू लागे.

खालच्या मजल्यावर एक मास्तर राहत. संस्थानच्या फौजेच्या बँडमध्ये ते क्लॅरिनेट वाजवीत. संस्थान विलीन झाले, बँड मोडला, आणि आता ते नया बाजारातल्या बँडबरोबर वराती वाजवीत. माझी तक्रार ऐकून ते म्हणाले, "बेटा, ही दूरची लहर अंधारातच चालते. सूरज वर आला की थकते. पण तू सबर कर. दिवस लहान होत चाललेत. दर इतवारी सूरज थोडा लेट येणार, तुझी धून थोडी जास्त येणार."

आणि खरोखर तसेच झाले. प्रत्येक रविवार मला चार-दोन स्वर अधिक देऊन जाई. संगीत विद्यालयात शिकलेली स्वरलिपी कामी आली. वहीत मी ती धून सारेगमात उतरवत गेले. दसऱ्यापर्यंत तीन ओळी झाल्या. उरलेला शेवट मार्गशीर्षापर्यंत हाती येईल, असा आमचा अंदाज होता.

पण राज्याची पुनर्रचना झाली. राजधानी भोपाळला ठरली, आणि टेबलासकट अण्णांनाही दिवाळीच्या तोंडावर तिकडे जायचे होते. माझ्या परीक्षेसाठी आई आणि मी इथेच राहणार होतो. रेडिओ अण्णांबरोबर जाणार होता.

"तिथे क्वार्टरमध्ये भिंतींशी बोलू का?" अण्णा म्हणाले.

"न्या की," आई म्हणाली. "इथे पहाटे उठून अभ्यास कुठे होतोय? ही त्या डोंगरातल्या लोकांच्या लग्नाला जाऊन बसते."

मी धीर करून म्हटले, "अण्णा, आणखी चार-पाच रविवार हवे होते. एका धुनेचा शेवट राहिलाय. तिसऱ्या ओळीच्या पुढचा."

अण्णांनी चष्म्यावरून पाहिले. "म्हणजे प्रकरण प्रलंबित आहे?"

त्यांना गाण्याचा कान नव्हता. आरतीत त्यांची टाळी हमखास चुके. रेडिओ रजईत गुंडाळण्याआधी त्या स्टेशनच्या जागी, काचेवर, मी कुंकवाचा एक ठिपका लावला. का लावला, ते तेव्हा मलाही सांगता आले नसते. टांगा गेला. भिंतीवर रेडिओच्या मागचा चौकोन तेवढा नव्या चुन्यासारखा पांढरा राहिला.

मार्गशीर्षात अण्णांचे पत्र आले. कागद कचेरीतला, जुन्या राज्याचे नाव शाईने खोडलेला.

"विषय: रविवारची धून. १. सदर धून काल सकाळी कुंकवाच्या खुणेवर अखेरपर्यंत ऐकू आली. २. तिसऱ्या ओळीनंतर ती वर चढते व क्षणभर थांबते, जणू पुढचे विसरली आहे. ३. त्यानंतर पायऱ्या उतराव्यात तशी खाली येते. ४. शेवटी सर्व वाद्ये एकदम बंद होतात व एक इसम हसतो. यंत्रात दोष नसल्याची खात्री केली आहे. हसण्याचे कारण समजू शकले नाही."

मास्तर पत्र वाचून मांडीवर थाप मारत म्हणाले, "साहेबांनी तर पूरी नोटशीट पाठवली! पण पायऱ्या किती? तुझी तिसरी ओळ रेवर संपते, म्हणजे चढून गंधारावर थांबली असणार ना? मग तीन. ग, रे, सा. घर आलं, खेळ खतम."

मलाही तसेच वाटले. तरी राहवेना, म्हणून कार्ड टाकून विचारले: पायऱ्या किती?

उत्तराला तीन आठवडे लागले. "सहा. प्रथम पाच भरल्या होत्या, म्हणून नंतरचे दोन रविवार पेन्सिलीने टिंबे करीत ऐकले. दोन्ही वेळा सहा. इथे पहाटे थंडी फार असते."

आमच्या जिन्यात बसून मास्तरांनी क्लॅरिनेट ओठांना लावले. ग, रे, सा. मी सवयीने श्वास सोडला. पण ते थांबले नाहीत. नि, ध, आणि खालचा पंचम. धून आपल्या घरावरून तशीच पुढे गेली होती आणि भलत्याच उंबऱ्यावर उभी राहिली होती. मग मास्तर स्वतःच हसू लागले.

"म्हणून हसला असेल तो," ते म्हणाले.

मी वही उघडून चौथी ओळ लिहिली, आणि प्रत्येक स्वराखाली पेन्सिलीने एकेक टिंब दिले. आई पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून आली.

"लागला का एकदाचा निकाल?"

"लागला."

तिने माझ्या मांडीवरचे कार्ड उचलले, उजेडाकडे धरले, आणि पुन्हा माझ्या हातात दिले.

"ते थंडीचं काय लिहिलंय, तेवढं परत वाच बघू."