वरचा थर, खालचा थर

आमच्या विषयातली एक गोष्ट शेंबडं पोरही सांगेल: लाव्हा थरावर थर साचत जातो, म्हणून खालचा खडक आधीचा आणि वरचा नंतरचा. माझा प्रबंध नेमका याच गोष्टीवर आपटला.

नाशिकला कॉलेजात शिकवता शिकवता, नव्वदच्या दशकात, मी पेठ रस्त्यावरच्या एका डोंगराचे थर तपासत होतो. पायथ्यापासून माथ्यापर्यंत नऊ थर, नऊ नमुने. खडकाचं वय काढणारी प्रयोगशाळा पार दक्षिणेत, आणि त्यांनी दोनच नमुने घ्यायचं कबूल केलं. मी पहिला आणि नववा पाठवला. बायकोने मांजरपाटाच्या पिशव्या शिवून दिल्या आणि वर ऐकवलं, "दगडांना जपता तेवढं माझ्या बरण्यांना जपलं असतंत तर!"

अडीच वर्षांनी अहवाल आला. पायथ्याचा खडक माथ्यापेक्षा वयाने लहान! माझ्या मार्गदर्शक सरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"अहो, ही तर आजीच्या आधी नात जन्मली! मुरमाड, झिजलेला दगड उचललात तुम्ही, वय चुकणारच. दुसरा आणा."

मुरमाड? हातभर आत फोडून ताजा, काळाभोर दगड काढला होता मी! तरी गेलो, तर पायथा क्रशरवाल्याने खाऊन टाकलेला. महिन्याभराने प्रयोगशाळेतून उरलेल्या तुकड्यांचं पार्सल आलं. डोक्यात राख घालून मी ते न उघडताच माळ्यावर फेकलं आणि आठवड्याभरात प्रबंध मागे घेतला. पुढची आठ वर्षं मुलांना दुसऱ्यांनी मोजलेल्या डोंगरांची वयं शिकवत आतल्या आत जळत राहिलो.

गंगापूर रोडला फ्लॅट घेतला, तेव्हा माळा रिकामा करताना बायकोने ते पार्सल फोडलं.

"अहो, या पिशवीवर तुम्ही एक लिहिलाय. मग त्यांची चिठ्ठी नऊची कशी?"

मी पिशवी तिच्या हातातून ओढून घेतली. सोबतचं पत्र इंग्रजीत टाइप केलं होतं, पण पिशव्यांवर मराठीच्या ताठ्यात मी देवनागरी आकडे घातले होते. तिथल्या माणसाला माझा १ म्हणजे इंग्रजी 9 वाटला. मग उरलेली पिशवी पहिली, हे ओघानेच आलं. इतकी वर्षं मी खापर त्यांच्या यंत्रावर फोडत होतो.

तसाच रिक्षाने निवृत्त सरांच्या घरी गेलो. त्यांनी चिठ्ठ्या पाहिल्या, दोन्ही वयांची अदलाबदल करून कागदावर मांडली. सगळं सुतासारखं सरळ झालं.

"बरोबर होतात तुम्ही," सर म्हणाले. हे ऐकायला मी आठ वर्षं तळमळलो होतो. चहा येईपर्यंत आम्ही दोघं हसतही होतो.

मग त्यांनी पार्सलवरचा पोस्टाचा शिक्का निरखून पाहिला आणि त्यांचं हसू मावळलं.

"हे आलं तेव्हा तर तुमचा प्रबंध माझ्या टेबलावरच होता."