एकतीस आणि एक

रस्त्यावर खडूने लिहिलेला माझ्या स्कूटरचा नंबर तेवढा होता. स्कूटर वाहतूक पोलिसांनी उचलून नेली होती. आमच्या गल्लीत सम तारखेला डावीकडे गाडी लावायची, विषम तारखेला उजवीकडे. पाटी लागल्यापासून महिनाभर मी रोज न चुकता बाजू बदलत होते. पण काल एकतीस, आज एक, दोन्ही विषम. आज बदलायचीच नव्हती.

"ताई, कॅलेंडर बघत जा," चौकीतला हवालदार म्हणाला. त्याच्या मागच्या भिंतीवर अजून गेलाच महिना लटकत होता.

"आधी ते पान उलटा, मग पावती फाडा," मी म्हटलं. त्याने दोन्ही केलं.

घरी आले, तर उजवीकडे शेजारची धुळीने माखलेली मोटार तशीच उभी. तिच्या मालकाने महिनाभरात ती एकदाही हलवली नाही, आणि सम तारखांनाही पोलिसांनी ती उचलली नाही. आज गल्लीत नियमाप्रमाणे उभी असलेली गाडी तेवढी तीच.