खोल्या कुणाच्या?

पत्र्यावर हातोडा पडला की ठण्ण असा आवाज व्हायचा. माझ्या खोल्यांवर पत्रे ठोकत होते, तेव्हाचा तो आवाज मला सनईपेक्षा गोड वाटायचा. आणि त्या खोल्यांपायीच माझी खरी सनई वाजता वाजता राहिली. कशी, ते काय सांगू? हसायचं तर हसा, मीही आता हसतो. चहा मात्र गार होऊ देऊ नका.

निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. सेलूच्या स्टेशनाजवळ जागा घेऊन मी चार खोल्या बांधल्या आणि किरायानं दिल्या. भाऊ नाही, भागीदार नाही. मालक मी एकटा. पहिल्या खोलीत नारबाचं चहाचं हॉटेल. त्याला साऱ्या जगाची खबर असायची.

एक दिवस म्हणाला, "मालक, किरायावर बी कर बसायलाय म्हणं. एकट्याच्या नावावर लय बसतो. कुणी इचारलं तर सांगा, भावाभावांच्या हायत, माझ्या वाट्याला काईच न्हाई."

मी शाळेत फार गेलो नाही. पण एवढं मात्र घोकून पाठ केलं.

त्याच सुमारास आक्कानं, म्हणजे माझ्या बहिणीनं, झरीची एक मुलगी माझ्यासाठी सुचवली होती. मी तिला लांबून पाहिलं होतं. दुसऱ्याच्या कापसात शिरलेल्या म्हशीची ती समजूत घालत होती. शिवी नाही, काठी नाही. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं.

आमच्याकडे मुलीचा बाप न सांगता येतो आणि चौकशी करून जातो. हे मला ठाऊक नव्हतं का? होतं की. पण डोक्यात कर बसला होता.

एका दुपारी काळी टोपी घातलेले एक गृहस्थ आले. खोल्या निरखत म्हणाले, "बांधकाम चांगलं हाय. कुणाच्या ह्या?"

"भावाभावांच्या."

"तुमचा वाटा?"

"काईच न्हाई. मी नुसती राखण करतो."

"मग पोटापाण्याचं?"

"भाऊ दोन टाइम जेवायला देतात."

गृहस्थांच्या डोळ्यांत इतकी कणव दाटली की मला वाटलं, कर माफ झाला.

ते गेल्यावर नारबा कपाळ धरून बसला. "मालक, तुमचे होणारे सासरे होते ते. माझ्याकडंच च्या पिऊन तुमची चौकशी करायलते."

मी आक्काकडे निरोप धाडला : चूक झाली, एकदा परत बघा. उलट निरोप आला : मुलीचा मामा येईल.

चार दिवसांनी बगलेत झोळी अडकवलेला एक माणूस आला. मी त्याला बाजेवर बसवलं, भजी मागवली आणि न विचारताच सुरू झालो. "चारी खोल्या माझ्या एकट्याच्या. वाटेकरी कुणी न्हाई. एक बी खोली रिकामी राहत न्हाई. औंदा आणखी दोन बांधतो. मामा, भजी घ्या."

"मामा न्हाई," तो भजं चावत म्हणाला. "मी कराच्या कामाला आलोय."

मी घाईघाईनं हात जोडले. "साहेब, गंमत केली हो. ह्या माझ्या न्हाईत. भावाच्या हायत. मी नुसता राखणदार!"

"अजून बी राखणदारच का?" मागून आवाज आला. मामा आलाच नव्हता. मुलीचे वडील स्वतः आले होते.

ते शांतपणे म्हणाले, "हे शेवटचं इचारतो. खोल्या कुणाच्या?"

कराच्या कारकुनानं पेन्सिल काढली. इकडे कर, तिकडे ती म्हशीला समजावणारी मुलगी. मला मनात ठरवायला वेळ लागला नाही, देवाशपथ. पण मी मुळातच सावकाश बोलणारा. शब्द जुळवून "माझ्याच" म्हणेपर्यंत ते रूळ ओलांडून पलीकडे गेले होते.

ऐकायला कारकूनसाहेब तेवढे होते. त्यांनी ते लिहून घेतलं, उरलेलं भजं तोंडात टाकलं आणि चालू लागले.