चारपट दुर्बीण

बाबांच्या पश्चात त्यांची रायफल जमा करायची होती. त्यासाठी नारायण पेठेतल्या बंदुकीच्या दुकानात माझी ही चौथी खेप. तिथले गृहस्थ नेहमी गिऱ्हाइकाकडे न पाहताच बोलतात. खराडीतल्या कंपनीतला एक तरुण रानडुकरांच्या शिकारीचा परवाना घेऊन आला होता. त्याला रायफलवर बसवायला सर्वांत जास्त पटीची दुर्बीण हवी होती. त्यांनी ती दिली.

"समोरच्या गच्चीवरचा पारवा शोधा."

तरुणाला नुसती भिंतच दिसत राहिली.

"अहो, डुक्कर थांबणार आहे का तोवर? चारपट घ्या, आजूबाजूचं रानही दिसेल." मग मला म्हणाले, "तुमच्या बाबांनीच शिकवलं मला हे."

मला बाबांनी रायफलला हातही लावू दिला नव्हता.

"बघताय?" त्यांनी चारपट दुर्बीण पुढे केली.

"नको. मलाही शिकवलंय त्यांनी," मी खोटंच म्हणाले.