बाओच्या पोटातली चॉकलेटं

सात वर्षं झाली. माझ्या बायकोला, सुप्रियाला, हे ठाऊक नाही. पुण्यात आईला नाही. आणि आमच्या इराला तर... तिला सांगायचं कसं, इथेच सगळं अडतं. तुमच्यापाशी बोलून बघतो. जमेल का, माहीत नाही.

आम्ही सिंगापूरला, क्वीन्सटाउनमधल्या एका कॉन्डोत, म्हणजे इथल्या सोसायटीत, राहतो. हॅलोवीनच्या संध्याकाळी इथली मुलं भुतांचे कपडे घालून दारोदार चॉकलेटं मागत फिरतात. आपल्याकडे अमावास्येला पोरांना बाहेर सोडत नाहीत, इथे भूत करून पाठवतात — असो. त्या वर्षी सुरक्षेचं काम मी स्वतःहून अंगावर घेतलं. ऑफिसात मी प्रोजेक्ट कुठे कुठे फसू शकतो याच्या याद्या करतो. तोच हात इथे चालवला. दोन पानी सूचना काढल्या. झगे घोट्याच्या वर हवेत. मेणबत्त्या नकोत, टॉर्च घ्या. जिन्यात एकट्यानं जायचं नाही. कुत्री-मांजरं आत ठेवा, दार लावा. आणि ठळक अक्षरांत — चॉकलेट कुत्र्यांना विषासारखं असतं. खाली माझं नाव. कागद लिफ्टमध्ये चिकटवला. लोक तो वाचताना कसे दिसतात हे बघायला मी उगाच दोन-तीनदा खाली-वर केलं, हेही आता सांगून टाकतो.

शेजारच्या लिम आंटींनीही तो वाचला. निवृत्त शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या. सोबतीला बाओ नावाचा बीगल. बाओ म्हणजे वाफवलेला गुबगुबीत पाव, आणि कुत्राही अंगानं तसाच. त्या संध्याकाळी त्यांना बेडोकला बहिणीकडे जायचं होतं. बेल वाजत राहिली की बाओ बिथरतो. मग सूचना लिहिणाऱ्याच्या घराहून सुरक्षित घर कुठलं? बाओ माझ्याकडे आला.

सुप्रिया मुलांची टोळी घेऊन मजल्या-मजल्यानं निघाली. इरा तेव्हा सात वर्षांची, वटवाघूळ झाली होती. घरी मी आणि बाओ. आता दुसरी गोष्ट — मला शुगर आहे. नोव्हेना भागातल्या डॉक्टरांनी तंबी दिल्यापासून सुप्रियानं घरातलं गोड हद्दपार केलं होतं. वाटायला आणलेल्या चॉकलेटांतलं डार्कचं एक मोठं पाकीट मी तांदळाच्या डब्यामागे सारून ठेवलं होतं. कशासाठी, ते तुम्हाला कळलंच.

घर रिकामं झालं, मी पाकीट फोडलं. चार खाल्ली. पाच. बाओ माझ्या तोंडाकडे बघत होता. तेवढ्यात इरा धावत आली, बाथरूमला जायचं होतं. मी पाकीट सोफ्याच्या उशीखाली कोंबलं. तिनं चॉकलेटांची बादली जमिनीवर ठेवली, बाथरूमला जाऊन आली, बादली उचलली, गेली. दोन मिनिटं. बाओ तिच्या बादलीकडे फिरकलासुद्धा नाही. त्यानं उशी हेरून ठेवली होती.

मग बेल वाजली. दारात पाच छोटी भुतं. मी बाहेर गेलो, नियमाप्रमाणे दार मागे ओढून घेतलं, आणि प्रत्येकाचा झगा घोट्यापर्यंत तपासला. मग कुत्र्यांना चॉकलेट का द्यायचं नाही, यावर बोललो. सविस्तर. दहा-बारा मिनिटं. शेवटी त्यातलं सर्वांत लहान भूत म्हणालं, "अंकल, कॅन गो ऑलरेडी?"

आत आलो. उशी जमिनीवर, पाकीट फाटलेलं, आणि बाओ ओठ चाटतोय.

मी पहिल्यांदा काय केलं असेल? कुत्र्यांच्या डॉक्टरांना फोन? नाही. मी पाकिटाचे तुकडे गोळा करून पँटच्या खिशात कोंबले. उशी जागेवर ठेवली. चपटी दिसत होती, म्हणून थोपटली. त्यानंतर डॉक्टरांना फोन केला, मग सुप्रियाला.

सुप्रिया आणि इरा धावत वर आल्या. टॅक्सीत बाओ माझ्या मांडीवर थरथरत होता. सुप्रियानं विचारलं, "पण ह्याला मिळालं कुठून?"

"इरानं बादली खाली ठेवली होती," मी म्हणालो. वाक्य खरं होतं बघा. "कुणीतरी तिला डार्कचं अख्खं पाकीट दिलं असणार."

"माझ्याकडे असं पाकीट होतं?" इरानं विचारलं. "ओन्ली टू मिनिट्स ठेवली, बाबा."

"दोन मिनिटं पुरतात, बाळा."

हे मी म्हणालो. समजावणीच्या सुरात.

डॉक्टरांना किती आणि कुठलं चॉकलेट ते बरोबर सांगितलं, एवढं एक. त्यांनी बाओला उलटी करवली, सलाइन लावलं, रात्रभर ठेवून घेतलं. त्या रात्री इरा पंख काढायला तयार नव्हती, तशीच झोपली. दुसऱ्या दिवशी बाओ घरी आला आणि आल्याआल्या खायला मागू लागला. इरानं लिम आंटींना सॉरीचं कार्ड केलं. 'केअरलेस'चं स्पेलिंग तिनं मला विचारलं. मी सांगितलं.

"आय्या, नेव्हर माइंड लाह," आंटी तिला म्हणाल्या. आणि माझ्याकडे वळून, "तू घरी होतास म्हणून वाचला." मला त्यांनी संत्री आणून दिली.

सुप्रियाच्या धाकामुळे गप्प बसलो असं म्हणता येईल. पण नाही. ती चार दिवस ओरडली असती, झालं. मला लिफ्टमधल्या कागदाखालचं नाव जपायचं होतं. सात वर्षांच्या मुलीचं नाव तिथे नव्हतंच.

इरा आता चौदाची आहे. बाओनं बादलीत तोंड घातलेलं तिला चक्क आठवतं. कुठल्या बाजूनं घातलं, तेही सांगते. मी कधी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही.

यंदा हॅलोवीनच्या संध्याकाळी, फेरी निघायच्या आधी, कॉन्डोतल्या लहान मुलांना सूचना द्यायचं काम तिनं मागून घेतलं. खाली लॉबीत वीसेक भुतं मांडी घालून बसली होती. आंटी म्हाताऱ्या बाओला घेऊन पुढेच होत्या. इरा म्हणाली, "मी तुमच्याएवढी होते ना, तेव्हा माझ्या चुकीमुळे हा मरता मरता वाचला." मुलं तोंडं उघडी टाकून ऐकत होती.

माझ्या शेजारी कुणाचे तरी वडील उभे होते. हळूच म्हणाले, इतकं खरं बोलणारी मुलगी, घरचेच संस्कार.

मी थँक यू म्हणालो.