अण्णांचा हात कुंपणाच्या आत होता

माझे सासरे एका जर्मन बेसबॉल क्लबच्या इतिहासात जाऊन बसले आहेत. क्लब एर्लांगेनच्या कडेला मक्याच्या शेताला लागून आहे, आणि त्याच्या इतिहासाची चौकशी करायला सहसा कुणी येत नाही, पण बसले आहेत. त्याच प्रकरणात मीही आहे. माझ्याबद्दल मात्र तिथे कुणी कौतुकाने बोलत नाही.

मुळात आमच्या घरात बेसबॉल यायचं काही कारण नव्हतं. मी कोथरूडचा. लहानपणी आमच्या सोसायटीच्या काचा ज्यांनी फोडल्या त्यांत माझा वाटा मोठा होता. जर्मनीत आल्यावर मुलीला क्रिकेट शिकवायचं असं मी तिच्या जन्माआधीच ठरवलं होतं. पण सईला विचारलं तेव्हा तिने, तिची मैत्रीण लेनी बेसबॉल खेळते म्हणून आपणही बेसबॉलच खेळणार, असं सांगितलं. जर्मनमध्ये सांगितलं. सईला मराठी सगळं कळतं. आपण पुरणपोळीबद्दल कुजबुजलो तर दोन खोल्या पलीकडून कळतं. पण उत्तर जर्मनमध्ये येतं. घराबाहेर तर मराठीचा एक शब्दही नाही. मी काही बोललोच, तर ती दोन पावलं बाजूला सरकून उभी राहते, म्हणजे आमचं नातं लगेच लक्षात येऊ नये.

पहिलं वर्ष मी नाक मुरडण्यात घालवलं. जर्मनीत बेसबॉल बघतं कोण, हा माझा आवडता प्रश्न होता. मग त्या उन्हाळ्यात सांगलीहून अण्णा आले.

अण्णा म्हणजे माझे सासरे. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, आणि तरुणपणी सांगलीच्या एका संघाचे यष्टिरक्षक. हे दुसरं काम त्यांच्या दृष्टीने मुख्य, भूगोल जोडधंदा. लग्न ठरायच्या वेळी त्यांनी मला पगार विचारला नव्हता, स्लिपमध्ये उभा राहतोस का हे विचारलं होतं. मी हो म्हणालो. लग्न झालं. नंतर एकदा अंगणात त्यांनी मला सहज म्हणून चेंडू टाकला आणि माझ्याकडून तो सुटला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, माझ्या बायकोकडे पाहिलं. त्या दिवसापासून अण्णांसमोर कुठल्या तरी एका विषयात आपण जाणकार ठरावं, ही माझी धडपड चालू आहे.

नात बेसबॉल खेळते हे कळल्यावर अण्णांनी मला त्या खेळाची माहिती विचारली. मला काही माहीत नव्हतं. म्हणून मी म्हणालो, "आल्झो," म्हणजे आपलं 'तर मग', "विषय मोठा आहे, उद्या निवांत सांगतो," आणि रात्र जागून व्हिडिओ बघितले.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मी व्याख्यान दिलं. अमेरिकेत हा खेळ आधी हौशी मंडळी कशी खेळायची, पैसे घेऊन खेळणं कसं हलकं समजलं जायचं, मग उघडउघड पगारी संघ कसे निघाले आणि लोकांनी तिकीट काढून कशी गर्दी केली. काळ्या खेळाडूंना मोठ्या संघांत घेत नसत, म्हणून त्यांनी आपले वेगळे संघ कसे उभे केले आणि त्यांतल्या एकाला मोठ्या संघाने घेतलं तेव्हा खेळापेक्षा देशच कसा बदलला. अण्णा पोहे खाता खाता ऐकत होते. मी रंगात आलो. म्हणालो, तिथे खेळ मध्येच थांबवून सगळं स्टेडियम उभं राहतं आणि गाणं म्हणतं. आणि प्रेक्षकांत आलेला चेंडू जो झेलेल, त्याचा. परत द्यायचा नाही. बाप तो चेंडू मुलाला देतो, मुलगा नातवाला देतो, दिवाणखान्यात काचेच्या पेटीत ठेवतात.

अण्णांचा चमचा थांबला. "झेलला की आपला?"

"या, गेनाऊ," मी म्हणालो, म्हणजे हो, अगदी बरोबर. "ती त्यांची संस्कृती आहे."

बाकीचं सगळं व्याख्यान अण्णांनी पोह्यांबरोबर गिळलं असावं. एवढंच लक्षात ठेवलं.

त्या रविवारी सईच्या संघाचा शेवटचा सामना होता, म्युनिकच्या संघाबरोबर. जिंकले तर पुढच्या वर्षी वरच्या गटात, हरले तर आहे तिथेच. सई आठवडाभर जेवणात लक्ष न देता भिंतीवर चेंडू आपटत होती. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात मला थांबवून, तुमच्याकडे बांधकाम चालू आहे का, अशी चौकशीही केली.

आम्ही सहकुटुंब गेलो. बायकोने, म्हणजे अनुजाने, घडीच्या खुर्च्या, छत्री, चहाचा थर्मास आणि शंकरपाळ्यांचा डबा घेतला होता. मैदानाला कमरेएवढं जाळीचं कुंपण आहे. सई डाव्या टोकाला क्षेत्ररक्षण करते म्हणून आम्ही डावीकडे, अगदी कुंपणाला चिकटून बसलो. जागा अण्णांनी निवडली. तिथे ऊन होतं, म्हणून मी झाडाखाली बसू म्हणालो, पण अण्णांनी चेंडू कुठून कसा येईल याचा अंदाज घेऊन खुर्ची अर्धा हात आणखी पुढे ओढली. मला वाटलं, नात जवळून दिसावी म्हणून.

सामना चांगला चुरशीचा झाला. मी अण्णांना प्रत्येक गोष्ट समजावून सांगत होतो. त्यातली निम्मी चूक होती, असं मागे बसलेल्या एका आईच्या खोकल्यावरून मला वाटत होतं. शेवटचा डाव आला. आमचा संघ एका धावेने पुढे. म्युनिकचे दोन गडी आउट झालेले, तिसरा झाला की सामना आमचा. पण त्यांचे दोन खेळाडू धाव पूर्ण करायच्या तयारीत उभे होते, म्हणजे एक बरा फटका बसला की सगळं गेलं.

म्युनिकच्या पोराने फटका मारला. चेंडू उंच गेला, आमच्या दिशेने आला आणि कुंपणाच्या रेषेवर उतरायला लागला. सई हातमोजा उघडून धावत आली. तिचं तोंड वर, डोळे बारीक झालेले. मला आजही ते चित्र दिसतं. आणि त्या चित्रात उजवीकडून अण्णा येतात.

अण्णांनी मांडीवरचा शंकरपाळ्यांचा डबा अनुजाकडे दिला, उठले, एक पाऊल पुढे टाकलं, कुंपणावरून वाकले आणि उघड्या हातांनी अलगद झेल घेतला. सत्तरी उलटलेल्या माणसाने घेतलेला इतका सुंदर झेल मी पाहिलेला नाही. सईचा मोजा त्यांच्या हाताखाली वीतभर अंतरावर रिकामा उघडा होता.

कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. अण्णांनी चेंडू धोतराला... नाही, त्या दिवशी पँट होती, पँटला पुसला आणि जाकिटाच्या खिशात घातला. मग खुर्चीवर बसून डबा परत मागितला.

सामन्याला पंच एकच होता, एक तरुण, गंभीर माणूस, आणि तो मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होता. तो चालत चालत आमच्यापर्यंत आला. दोन्ही संघांचे प्रशिक्षक आले. म्युनिकचे पालक आले. त्याने आधी चेंडू मागितला. अण्णा देईनात. मंदाररावांनी नियम सांगितला आहे, असं त्यांनी मराठीत ठणकावलं. मंदारराव म्हणजे मी. सगळ्यांना माझं नाव तेवढं कळलं आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

चेंडू अनुजाने खिशातून काढून दिला. मग पंचाने मूळ प्रश्न विचारला. आजोबांनी झेल घेतला तेव्हा हात कुंपणाच्या आत, मैदानावर होते की बाहेर? त्याला लांबून नीट दिसलं नव्हतं. (पंचाने प्रेक्षकाला विचारावं का, यावर म्युनिकच्या एका वडिलांनी तिथेच फोनवर नियमावली उघडली. ते अजून वाचत असतील.)

आता मला एवढंच कळलं की माझ्या सासऱ्यांवर आरोप आहे. परक्या देशात, परक्या मैदानावर, एका भल्या माणसाने हात आत घातल्याचा आरोप. जावयाने अशा वेळी कामाला यायचं नाही तर कधी? मी छातीवर हात ठेवून सांगितलं की हात संपूर्णपणे बाहेर होते. मी शेजारी होतो, मी पाहिलं, आमच्या घराण्यात कुणी कुंपणापलीकडे हात घालत नाही.

म्युनिकच्या पालकांनी जोरजोरात माना हलवल्या. त्यांचा मला एवढा पाठिंबा का, हा विचार माझ्या मनात आला, पण पाठिंबा मला एरवी मिळत नसल्यामुळे मी तो घेतला. आमचे प्रशिक्षक हेर (म्हणजे श्रीयुत) त्साइडलर, पांढऱ्या मिशांचे शांत गृहस्थ, माझ्याकडे अत्यंत दुःखी नजरेने बघत होते.

"पापा, बिट्टे," सई म्हणाली. पापा, प्लीज.

मी तिला हातानेच धीर दिला. मग पंच म्हणाला, आजोबा स्वतः काय म्हणतात? मी दुभाषी झालो.

"अण्णा, हा विचारतोय, हात आत होता की बाहेर? बाहेर म्हणा."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. अंगणातला चेंडू सुटला तेव्हा त्यांनी जे माझ्याकडे बघायचं टाळलं होतं, ते सगळं त्यांनी आता भरून काढलं. "हात आत होता. चांगला कोपरापर्यंत आत होता. मी वाकलो होतो."

मी पंचाकडे वळून जर्मनमध्ये म्हणालो, "ते म्हणतात, हात बाहेर होता."

इथे सईने मोजा काढून जमिनीवर ठेवला. पंचाला तिने सरळ सांगितलं की वडील चुकीचं भाषांतर करत आहेत. मग ती कुंपणाजवळ आली आणि सगळ्या क्लबसमोर, लेनीसमोर, म्युनिकच्या अख्ख्या संघासमोर, मोठ्या आवाजात मराठीत म्हणाली, "आजोबा, बाबांकडे बघू नका. मला सांगा. हात कुठे होता?"

अण्णांना ती काय म्हणाली यापेक्षा कशात म्हणाली हेच आधी लागलं असावं. "आत होता, बाळ. तुझा झेल मी घेतला. माझ्या लक्षातच आलं नाही तू आलीस ते."

सईने शब्दाला शब्द जर्मन करून सांगितलं.

तेव्हा कुठे हेर त्साइडलरनी मला बाजूला घेऊन नियम समजावला. हात आत असेल आणि त्यामुळे खेळाडूचा झेल हुकला असेल, तर फलंदाज आउट. म्हणजे सामना आमचा. हात बाहेर असेल तर चेंडू फुकट गेला, खेळ पुढे चालू. थोडक्यात, मी गेला बराच वेळ घराण्याची शपथ घेऊन पोटच्या पोरीला हरवायचा प्रयत्न करत होतो.

पंचाने शेवटचा प्रश्न सईला विचारला. आजोबा मध्ये आले नसते, तर तू तो झेल नक्की घेतला असतास? मी तोंड उघडलं. अनुजाने त्यात शंकरपाळं घातलं.

सईने मोज्याकडे बघितलं, उन्हाकडे बघितलं. "वाइस इष निष्ट," ती म्हणाली. माहीत नाही.

अण्णांना अर्थ विचारावा लागला नाही. त्यांनी नुसती मान हलवली, शाळेत एखाद्याचं उत्तर बरोबर आलं की हलवत असतील तशी.

नक्की नाही म्हटल्यावर पंचाने आउट दिलं नाही. खेळ पुढे चालू. प्रेक्षकांनी, त्यातही आमच्या कुटुंबाने, कुंपणापासून लांब बसावं अशी त्याने विनंती केली. अण्णा आणि अनुजा झाडाखाली गेले. मी खुर्च्या उचलायला मागे राहिलो.

पुढचाच चेंडू पुन्हा डावीकडे आला. या वेळी रेषेच्या चांगला बाहेर, थेट माझ्यावर. आता मला नियम माहीत होता. मी दोन्ही हात पाठीमागे बांधले, कुंपणापासून लांब, सगळ्यांना दिसतील असे, आणि ताठ उभा राहिलो. चेंडू माझ्या गुडघ्यावर बसला. मी हात सोडले नाहीत. त्या दिवसातली माझी तेवढीच गोष्ट पंचाला मान्य झाली.

त्यानंतरच्या चेंडूवर म्युनिकच्या पोराने जोरात बॅट फिरवली आणि चेंडू चुकला. बेसबॉलमध्ये असे तीन प्रयत्न वाया गेले की खेळाडू बाद. आउट. पोरं मैदानात एकमेकांवर पडली, सई सगळ्यांच्या खाली होती. मी एका पायावर टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी क्लबच्या बाकावर अण्णा आणि हेर त्साइडलर बराच वेळ बसले होते. मधे सई, दोन्हीकडून भाषांतर करत. हेर त्साइडलर सांगत होते, इथे अमेरिकन सैन्याची छावणी होती तेव्हा ते लहान होते. कुंपणापाशी उभं राहून सैनिकांचा खेळ बघायचे. एकदा एका सैनिकाने आत बोलावून हातात बॅट दिली. मग छावणी गेली, सैनिक गेले, आणि इथल्या पोरांनी हा क्लब काढला. अण्णा म्हणाले, आमच्याकडेही तसंच. साहेब आला, त्याच्याबरोबर क्रिकेट आलं. साहेब गेला, क्रिकेट आमचं झालं. यावर ते दोघं हसले आणि एकमेकांच्या बोटांचे वाकडे सांधे बघत बसले. हेर त्साइडलरही तरुणपणी फलंदाजाच्या मागे उभे राहून चेंडू अडवायचे, आणि यष्टिरक्षकाची बोटं सगळ्या देशांत सारखीच मोडतात म्हणे. हे मला सईकडून कळलं. मी गुडघ्याला बर्फ लावून पलीकडच्या बाकावर होतो, आणि मला भाषांतराला कुणी बोलावलं नव्हतं.

अण्णा सांगलीला परत गेले. सई त्यांच्याशी दर रविवारी फोनवर बोलते, मराठीत, दार लावून. आतून हसण्याचा आवाज येतो आणि मधूनमधून माझं नाव येतं.

सामन्यांना मी अजून जातो. प्रत्येक पालकाने क्लबचं काही ना काही काम करायचं असतं. कुणी धावा लिहितं, कुणी मैदान आखतं. माझ्यासाठी सगळ्यांनी विचार करून, न्याय, नियम आणि भाषा यांच्याशी संबंध येणार नाही असं काम शोधलं. मी ग्रिलवर सॉसेज भाजतो. गेल्या सामन्याला एका बाईंनी विचारलं, यातलं शाकाहारी कुठलं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर रांगेतले तिघं जण एकदम म्हणाले, "थांबा, सईला बोलावतो."